कायद्यातला ‘मित्र’ कोठे आहे?

(कुरकुंभ येथे दौंड व शिरूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

पुणे जिल्ह्यात ‘येरवड्याला पाठवणे’ या शब्दांचे दोन अर्थ होतात. एक तुरुंगाचा आणि दुसरा वेड्यांच्या इस्पितळाचा. माणसाने गुन्हा केला की त्याचे डोके फिरले, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे असते. समाजवादी चळवळीला यांपैकी पहिला येरवडा चांगला परिचित आहे. गांधीजींचे १९३२ चे उपोषण आणि त्यातून निघालेला पुणे करार या तुरुंगाच्या भिंतींआड घडला. बेचाळीसच्या लढ्यात आणि पुढे १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत कार्यकर्त्यांनी तेथील बराकी आतून पाहिल्या. दुसरा येरवडा मात्र चळवळीच्या नजरेबाहेर राहिला. तेथे कोण जातो, किती काळ राहतो आणि बाहेर कसा पडतो, याची चौकशी राजकीय कार्यकर्त्याने करावयाची असते, असे कोणाला फारसे वाटले नाही.

ज्यांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात, अशा माणसांचा आजचा विषय आहे. न्यायालयाच्या हुकुमाने ते मनोरुग्णालयात ठेवलेले असतात. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रे त्यांना ‘क्रिमिनल ल्युनॅटिक’ म्हणत. आज त्यांना न्यायालयीन मनोरुग्ण म्हणता येईल. जगातील अनेक देशांत त्यांची संख्या वाढत चालली आहे. भारतातही ती वाढावी अशीच सारी परिस्थिती आहे. या वाढीचा अर्थ काय, आणि औद्योगिक वसाहतीच्या या गावाचा तिच्याशी काय संबंध, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम ही माणसे कोण ते स्पष्ट केले पाहिजे. त्यांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग असा की, ज्यांच्यावर खटला आहे, परंतु स्वतःचा बचाव करण्याइतके मन ठिकाणावर नसल्यामुळे तो पुढे चालवता येत नाही. आरोप काय आहे हे ज्याला कळत नाही, त्याला शिक्षा ठोठावणे हा न्याय नव्हे, हे तत्त्व सर्वमान्य आहे. त्यामुळे खटला थांबतो. दुसरा वर्ग असा की, ज्यांनी कृत्य केले हे सिद्ध झाले, पण ते करताना वेडाच्या भरात त्याचे स्वरूप त्यांना समजत नव्हते म्हणून ते निर्दोष सुटले. हे भारतीय दंड संहितेचे कलम ८४ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ झाले आहे. तिसरा वर्ग तुरुंगात गेल्यावर मनाने खचलेल्यांचा. त्यांत कच्चे कैदी असतात तसे शिक्षा झालेलेही असतात.

या तिन्ही वर्गांत एक समान गोष्ट आहे. त्यांच्या कोंडवाड्याला मुदत नाही. चोराला ठाऊक असते की आपली शिक्षा दोन वर्षांची आहे. जन्मठेपेच्या कैद्यालाही सुटकेचा काही हिशेब मांडता येतो. न्यायालयीन मनोरुग्णाला तो मांडता येत नाही. या प्रकाराचे मूळ इंग्लंडात आहे. इ. स. १८०० मध्ये जेम्स हॅडफील्ड नावाच्या माणसाने तिसऱ्या जॉर्ज राजावर नाटकगृहात गोळी झाडली. तो वेडा ठरून निर्दोष सुटला. त्याला मोकळे कसे सोडावे, असा पेच पडताच संसदेने त्याच वर्षी कायदा करून अशा माणसाला ‘राजाची मर्जी होईपर्यंत’ अटकेत ठेवण्याची सोय केली. राजाच्या मर्जीच्या जागी पुढे सरकारचा हुकूम आला, वैद्यकीय अहवाल आला, न्यायालयाची परवानगी आली. परंतु ‘होईपर्यंत’ हा शब्द गेला नाही.

त्या एका शब्दाचा अर्थ काय होतो, ते आसामातील माचांग लालुंग यांच्या आयुष्यावरून कळते. त्यांना १९५१ मध्ये अटक झाली, तेव्हा ते विशीत होते. तेजपूरच्या मनोरुग्णालयात त्यांची रवानगी झाली. ते बरे झाल्याचे इस्पितळाने १९६७ मध्येच कळवले होते. तरीही सुटका झाली नाही. त्यांना तुरुंगात हलवण्यात आले. खटला असा चाललाच नाही. ते बाहेर आले २००५ मध्ये, चोपन्न वर्षांनी, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. आणीबाणीतील मिसाबंदी एकवीस महिन्यांनी संपली, आणि तिच्याविरुद्ध सारा देश बोलला. या चोपन्न वर्षांविरुद्ध बोलायला कोणी नव्हते, कारण हा माणूस कोणत्याच पक्षाचा नव्हता.

बिहारमध्येही हेच दिसले. हजारीबागच्या तुरुंगात वेडे म्हणून डांबलेले बंदी बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे, काही जण तर दशकानुदशके, तेथेच असल्याचे १९८२ मध्ये वीणा सेठी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आले. ते प्रकरण सुरू झाले एका पत्रावरून. स्थानिक मोफत कायदा सल्ला समितीने ते न्यायमूर्तींना लिहिले होते. दुसऱ्याच वर्षी रुदुल शाह यांचा निकाल लागला. १९६८ मध्ये निर्दोष सुटलेला हा माणूस १९८२ पर्यंत तुरुंगात होता. तो वेडा होता म्हणून ठेवला, असे सरकारचे समर्थन होते. न्यायालयाने ते मानले नाही आणि तीस हजार रुपयांची भरपाई देवविली. पुढे मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, ज्याने कोणताही गुन्हा केलेला नाही अशा मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा व घटनाबाह्य आहे. स्वातंत्र्यानंतर सेहेचाळीस वर्षांनी एवढी साधी गोष्ट न्यायालयाला सांगावी लागली.

आता संख्येकडे वळू. मनोरुग्णालयात न्यायालयीन रुग्ण वाढले, असे कानावर आले की दोन प्रकारची अनुमाने तात्काळ निघतात. एक म्हणजे समाजात वेड वाढले. दुसरे म्हणजे वेडे अधिक हिंसक झाले. दोन्ही अनुमाने घाईची आहेत. इस्पितळात एका वेळी किती माणसे असतात हे दोन आकड्यांवर अवलंबून असते: दरमहा किती येतात आणि सरासरी किती काळ राहतात. समजा, एका इस्पितळात न्यायालयाकडून दरमहा दहा रुग्ण येतात आणि प्रत्येक जण तीन महिन्यांत परत जातो. तेथे कोणत्याही दिवशी तीस माणसे सापडतील. तेच दहा जण तीन वर्षे राहू लागले तर ती संख्या तीनशे साठ होईल. वेड वाढले नाही, गुन्हे वाढले नाहीत, येणारा एकही माणूस वाढला नाही; तरी रुग्णसंख्या बारापट झाली. म्हणून संख्या वाढते असे दिसले की पहिला प्रश्न ‘किती आले?’ हा नसून ‘किती सुटले?’ हा असला पाहिजे.

हा केवळ पाटीवरचा हिशेब नव्हे. पश्चिम जर्मनीच्या भागात गुन्ह्यानंतर मनोरुग्णालयात बेमुदत ठेवलेल्यांची संख्या १९९० मध्ये सुमारे अडीच हजार होती; २०१४ पर्यंत ती साडेसहा हजारांच्या घरात गेली. तेथे मुक्कामाचा काळ लांबत गेला, हे त्याचे एक मोठे कारण होते. बव्हेरियातील गुस्टल मोलाथ यांना सात वर्षे असे ठेवून २०१३ मध्ये सोडावे लागले, तेव्हा तेथे मोठा गदारोळ झाला आणि २०१६ मध्ये कायदा कडक करून दीर्घ मुक्कामाला अधिक सबळ कारणे मागण्यात आली. अमेरिकेत १९५५ मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. ती इस्पितळे रिकामी केली गेली. पण गावोगावी जी उपचार केंद्रे उभारायची होती ती पुरेशी उभी राहिली नाहीत. आज उरलेल्या थोड्या खाटांपैकी निम्म्याहून अधिक खाटांवर न्यायालयाने पाठवलेली माणसे आहेत. साध्या दाराने इस्पितळात जागा मिळत नाही, म्हणून माणूस पोलीस ठाण्याच्या दाराने तेथे पोहोचतो.

इटलीचे उदाहरण मात्र चळवळींना विशेष विचार करायला लावणारे आहे. फ्रांको बासाल्या यांच्या चळवळीतून १९७८ मध्ये तेथे वेड्यांची इस्पितळे बंद करणारा कायदा झाला. त्या सुधारणेतूनही न्यायालयीन मनोरुग्णांची सहा इस्पितळे सुटली. ती बंद करण्याचा कायदा व्हायला आणखी तीन दशकांहून अधिक काळ लागला. त्यांच्या जागी वीस-वीस खाटांची लहान निवासस्थाने आली. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जन्मठेपेचे गुन्हे वगळता, ज्या गुन्ह्याचा आरोप आहे त्याच्या कमाल शिक्षेपेक्षा अधिक काळ कोणालाही त्या कारणासाठी ठेवता येणार नाही, असे बंधन २०१४ च्या कायद्याने घातले. तेथेही आज जागांसाठी प्रतीक्षायादी आहे. सारे सुरळीत आहे असे नाही. पण ‘होईपर्यंत’ या शब्दाला तेथे मुदत लागली.

भारतात बाहेर पडण्याचे दार अरुंद आहेच, आणि आत येणारा लोंढाही मोठा होत चालला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांप्रमाणे देशातील तुरुंगांत २०१२ च्या अखेरीस २,५४,८५७ कच्चे कैदी होते. २०२२ च्या अखेरीस ते ४,३४,३०२ झाले. दहा वर्षांत ही वाढ सत्तर टक्के आहे. २०२२ च्या एकूण ५,७३,२२० बंद्यांपैकी चारांतील तीन जण असे होते की ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. जागा होती ४,३६,२६६ जणांची. ज्या बराकीत पाठ टेकायला जागा नाही, रात्री दिवा मालवत नाही, घरून कोणी भेटायला येत नाही आणि पुढची तारीख केव्हा पडेल ते सांगता येत नाही, तेथे धडधाकट माणसाचेही मन टिकणे कठीण. ज्याचे मन आधीच डळमळलेले आहे त्याची काय कथा! कच्चे कैदी सत्तर टक्क्यांनी वाढले, तर त्यांतून मनोरुग्णालयाकडे जाणारेही वाढणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

दुसरीकडे बाहेरच्या उपचारांची स्थिती पाहावी. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत पाहणी केली. महाराष्ट्र त्यांत नव्हता. पण निष्कर्ष येथेही ताडून पाहण्यासारखे आहेत. प्रौढांपैकी सुमारे दहा टक्क्यांना उपचाराची गरज असलेला मनोविकार आढळला, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांतही जवळजवळ तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत उपचार पोहोचले नव्हते. महाराष्ट्रात नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये इंग्रजी अमदानीतील आहेत. येरवड्याच्या एकट्या इस्पितळाच्या मंजूर खाटा अडीच हजारांवर, म्हणून ते देशातील सर्वांत मोठ्या मनोरुग्णालयांत गणले जाते. मोठेपणाचा हा मान फसवा आहे. एका ठिकाणी अडीच हजार खाटा असणे याचा अर्थ तालुक्याच्या ठिकाणी जवळजवळ काहीच नसणे असा होतो.

आता हे सारे कुरकुंभला लावून पाहू. पुणे-सोलापूर रस्त्यावरचे हे फिरंगाईमातेचे गाव आज रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीसाठी ओळखले जाते. शेजारी दौंडचे रेल्वे जंक्शन. कंत्राटी कामावर परजिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेले तरुण येथे खोल्या करून राहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी येथील एका कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन या अमली पदार्थाचा प्रचंड साठा जप्त केला, तेव्हा गावाचे नाव देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. कारखान्यात काम करणाऱ्या हजारो श्रमिकांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पण या जातीच्या नशेने भास आणि संशयाचे झटके येऊ शकतात. आणि ज्यांना ते येतात त्यांचा शेवट अनेकदा पोलीस कोठडीत होतो. मालाचा पैसा एकीकडे जातो आणि मोडलेली मने दुसरीकडे पोहोचतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मराठवाड्यातून आलेला एक पंचविशीचा तरुण कंत्राटदाराकडे काम करतो. सलग रात्रपाळ्या पडतात. त्याला झोप लागेनाशी होते. कोणी आपल्याविरुद्ध बोलत आहे असे आवाज त्याला ऐकू येऊ लागतात. तो कामात चुकतो; हजेरीपटावरून त्याचे नाव निघते. खोलीवरचे सोबती त्याला देवऋषीकडे नेतात, कारण तो जवळ आहे आणि मनोविकारतज्ज्ञ सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे. एका रात्री दौंड स्थानकावर तो एका अनोळखी प्रवाशाला मारतो. साध्या दुखापतीचा हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि त्याची कमाल शिक्षा एक वर्ष आहे. पण जामीनदार कोण राहणार? तरुण तुरुंगात जातो. तेथे काही आठवड्यांनी त्याचे वागणे लक्षात येते. दंडाधिकारी त्याला तपासणीसाठी पाठवतात. तो खटल्याला सामोरा जाण्यास अपात्र आहे असा अहवाल येतो. खटला थांबतो आणि त्याला मनोरुग्णालयात ठेवले जाते.

येथवर सारे ठीक झाले असेही म्हणता येईल, कारण त्याला अखेर औषध मिळाले. दोन-तीन महिन्यांत तो सावरतो. इस्पितळ न्यायालयाला कळवते. आता कागद फिरू लागतात. तारखेला न्यायचे तर कैदी पार्टीला पोलीस हवेत. ते बंदोबस्तात गुंतलेले आहेत. तारीख पुढे जाते. शेवटी तो तुरुंगात परत येतो. तेथे औषधात खंड पडतो, आवाज परत ऐकू येतात, आणि तो पुन्हा इस्पितळात. तुरुंग, इस्पितळ, न्यायालय या फेऱ्यात त्याला दोन वर्षे होतात. गुन्ह्याची कमाल शिक्षा एक वर्ष होती. इस्पितळाच्या नोंदवहीत मात्र तो तीन वेळा दाखल झालेला रुग्ण आहे. ‘वाढलेल्या संख्येत’ त्याची भर तीनदा पडली आहे.

या कथेत दुष्ट कोणीच नाही. दंडाधिकाऱ्यांनी कायदा पाळला. डॉक्टरांनी औषध दिले. पोलिसांकडे माणसे नव्हती. मनोरुग्णालयातील परिचर आणि परिचारिका तर स्वतःच अपुऱ्या मनुष्यबळावर दिवसरात्र पाळ्या ओढत असतात. रिक्त पदांचा भार त्यांच्याच पाठीवर पडतो. दोष व्यवस्थेचा आहे आणि ती वर्गीय आहे. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचा मुलगा पहिल्या झटक्यालाच खाजगी रुग्णालयात जातो. पोलीस ठाण्यापर्यंत प्रकरण जात नाही, गेले तर वकील आणि जामीनदार त्याच संध्याकाळी उभे राहतात. त्याच आजाराचा कंत्राटी मजूर ‘न्यायालयीन मनोरुग्ण’ होतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिक आहे. ज्याचा नातेवाईक मारला गेला, त्याने काय करावे? वेडाचे सोंग घेऊन गुन्हेगार सुटत नाहीत काय? याचे उत्तर टाळता कामा नये. काही रुग्ण खरोखर धोकादायक असतात, त्यांना बंदोबस्तात ठेवून उपचार करावेच लागतात, आणि पीडित कुटुंबाला न्यायालयात आपले म्हणणे मांडण्याचा हक्क असलाच पाहिजे. पण सोंगाची भीती अतिशयोक्त आहे. डॉक्टरांच्या मते वेडा असणे कायद्याला पुरत नाही. कृत्याच्या क्षणी त्याचे स्वरूप किंवा ते गैर आहे हे कळत नव्हते, एवढे दाखवावे लागते, आणि तसे दाखवण्याचा भार आरोपीवरच आहे. दह्याभाई ठक्कर यांच्या १९६४ च्या निकालापासून हे स्पष्ट आहे. शिवाय तो बचाव यशस्वी झाला तरी माणूस घरी जातोच असे नाही. अनेकदा तो अशा ठिकाणी जातो जेथून परत येण्याची तारीख ठरलेली नसते. असे सोंग म्हणजे फार महाग सौदा आहे.

मग कायद्यात उपाय नाहीत काय? आहेत, आणि कागदावर ते बरेच चांगले आहेत. १९१२ चा वेड्यांचा कायदा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने गेला, आणि त्याच्या जागी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम आला. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम १०० प्रमाणे रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन चोवीस तासांत जवळच्या सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचे आहे. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. कलम १०३ प्रमाणे प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या दवाखान्यात मनोरुग्णांसाठी उपचारकेंद्र हवे. बऱ्या झालेल्यांना घर नाही म्हणून इस्पितळात ठेवू नये, त्यांच्यासाठी निवारागृहे उभारावीत, असे हा कायदा सांगतो आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये राज्यांना तसे बजावले आहे. अडतीस वर्षे खटल्याविना तुरुंगात राहिलेल्या उत्तर प्रदेशातील एका बंद्याच्या वृत्तावरून त्याच न्यायालयाने २००७ मध्ये सूचना दिल्या, की अशा रुग्णांचे अहवाल न्यायालयांकडे नियमितपणे जावेत आणि त्यांच्या प्रकरणांचा वेळोवेळी फेरविचार व्हावा. तरीही डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेच्या निमित्ताने अलीकडेच मुंबई उच्च न्यायालयाला विचारावे लागले, की राज्याच्या मनोरुग्णालयांत दहा-दहा वर्षे पडून असलेली माणसे किती आणि त्यांतली बरी झालेली किती.

या साऱ्या कलमांत एक कलम कार्यकर्त्यांनी नीट वाचावे असे आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ते कलम ३३० होते. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३६९ आहे. खटला थांबलेल्या मनोरुग्ण आरोपीला सोडता येते, असे ते सांगते. अट अशी की, त्याला इस्पितळात दाखल ठेवण्याची गरज नसावी, आणि त्याच्या ‘नातेवाइकाने किंवा मित्राने’ हमी द्यावी की, जवळच्या आरोग्यकेंद्रातून त्याचे उपचार नियमित चालू ठेवले जातील आणि तो स्वतःला किंवा इतरांना इजा करणार नाही.

नातेवाइकाने किंवा मित्राने! कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होते की नातेवाईक येणार नाही अशी वेळ येईल. तो दूरच्या जिल्ह्यात असेल, मजुरी बुडवून तारखेला येणे त्याला परवडणार नाही, किंवा लाजेने त्याने नावच टाकले असेल. म्हणून त्यांनी दुसरा शब्द घातला. हा मित्र रक्ताचा असावा लागत नाही. मग तो आहे कोठे? ज्या तरुणाचे गावात फक्त खोलीचे भाडे आणि कंत्राटदाराचा फोन नंबर एवढेच लागेबांधे आहेत, त्याचा मित्र कोण?

चळवळीचे काम येथे सुरू होते. जामिनावर, तारखांवर, वसुलीवर, विस्थापितांच्या प्रकरणांवर तालुक्याच्या न्यायालयात उभे राहण्याची कार्यकर्त्यांना सवय आहे. तीच सवय या कामाला लागते. दौंड आणि शिरूरच्या तालुका विधी सेवा समित्यांकडे जाऊन, या तालुक्यांतील न्यायालयांच्या हुकुमाने मनोरुग्णालयात किती माणसे आहेत आणि केव्हापासून आहेत, हे लेखी विचारावे. ज्यांचा मुक्काम गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहून लांबला आहे, त्यांची प्रकरणे आधी घ्यावीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता निम्मी शिक्षा भोगलेल्या, आणि पहिल्याच गुन्ह्यात एक-तृतीयांश भोगलेल्या कच्च्या कैद्याच्या सुटकेची तरतूद आहे. तिचा आधार न्यायालयापुढे मांडावा. जेथे हमी हवी आहे, तेथे कामगार संघटनेने किंवा पक्षाच्या शाखेने तिची जबाबदारी विचारपूर्वक घ्यावी. एकट्या कार्यकर्त्यावर ती टाकू नये. औषधाची तारीख पाळणारी, खोलीवर जाऊन चौकशी करणारी चार-पाच जणांची टोळी हवी. हमी म्हणजे नुसती सही नव्हे.

परंतु मित्र मिळाला तरी ‘जवळचे आरोग्यकेंद्र’ नसेल तर हमी पोकळ राहते. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, त्याची जिल्हा योजना १९९६ ची. इतक्या वर्षांनी तालुक्यातील सरकारी रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ ठरल्या वारी बसतो आणि महिन्याची औषधे तेथेच मिळतात, एवढी तरी मागणी लढवून घेतली पाहिजे. औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगारांना राज्य कामगार विम्याचा लाभ खरोखर मिळतो काय आणि त्यात मनोविकारांवरील उपचार पोहोचतात काय, हा प्रश्न कामगार संघटनेच्या मागणीपत्रकात वेतनवाढीइतकाच ठळक असावा. आणि दौंड स्थानकावर उतरणाऱ्या भटक्या मनोरुग्णांबाबत पोलिसांना कलम १०० ची आठवण करून देत राहावे. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरच्या अशा हजारो माणसांना उपचार करून देशभर त्यांच्या घरी पोहोचवले आहे. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कित्येकांची घरे आनंदाने उघडली, हा त्या कामाचा अनुभव फार मोलाचा आहे. ‘नातेवाईक घेत नाहीत’ हे वाक्य नेहमीच खरे नसते. पुष्कळदा त्यांना कोणी विचारलेलेच नसते.

विधिमंडळातही एक मागणी लावून धरावी लागेल. प्रत्येक प्रादेशिक मनोरुग्णालयाने न्यायालयीन रुग्णांची संख्या, प्रत्येकाच्या मुक्कामाचा काळ आणि आरोपाची कमाल शिक्षा, नावे वगळून, दर तिमाहीला प्रसिद्ध करावी. ‘किती आले’ याच्या शेजारी ‘किती सुटले’ हा रकाना छापला गेला, तर संख्या का वाढते हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही. आणि इटलीप्रमाणे येथेही कमाल शिक्षेची मर्यादा कायद्यातच लिहिली जावी. त्यानंतर उपचाराची गरज असेल तर ते इतर कोणत्याही रुग्णाप्रमाणे, आरोपीचा शिक्का पुसून व्हावेत.

साथींनो, येरवड्याच्या पहिल्या दाराबाहेर चळवळीचे लोक अनेकदा हार घेऊन उभे राहिले आहेत. तेथून बाहेर येणारा आपला होता, म्हणून. दुसऱ्या दाराबाहेर कोणी उभे नसते. आतला माणूस बरा झालेला आहे, त्याच्या कागदावर डॉक्टरांची सही झालेली आहे, आणि कायद्याने ठेवलेली ‘मित्राची’ जागा मोकळी आहे. दौंड-शिरूरच्या शाखांनी पुढच्या महिन्याच्या बैठकीत या एका कामासाठी प्रत्येकी दोन कार्यकर्ते नेमावेत आणि पहिले पत्र विधी सेवा समितीला लिहावे.